पंजाबरावांच्या ओसरीवरची बाज

मी बाज बोलतेय. आता कडूबाच्या झोपडीत पडलेय, पण माझा जन्म उंद्रीतल्या पंजाबरावांच्या ओसरीसाठी झाला. शकूर सुताराने बाभळीचे पाय तासले आणि कडूबाने अंबाडीच्या दोरांनी मला विणलं. बाजा विणाव्यात त्यानेच! सालभर तो पंजाबरावांच्या शेतात राबायचा, पण माझ्यावर टेकायची त्याची कधी छाती झाली नाही.

एकदा मला आतल्या खोलीत नेलं. पंजाबरावांच्या सूनबाई, पुष्पाबाई, बैलांच्या, पडदे लावलेल्या दमणीतून शहरातल्या डॉक्टरकडे जाऊन आल्या होत्या. दोन लेकरांवर तिसरं नको होतं, तब्येत तोळामासा. गावात सांगितलं, पोटात गाठ होती. आठ दिवस त्या माझ्यावर निजून होत्या. साजूक तुपातला शिरा खायच्या. कडूबाची बायको गोजरबाई त्यांचे पाय चेपायची. चांगलंच झालं, जीव वाचला. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पुढच्या साली पेपरात आलं, सरकार गर्भपाताचा कायदा करायचं बघतंय. झालं, ओसरीवर रोज वाद! माझ्यावर मांडी ठोकून शेजारचे वामनराव म्हणायचे, "घोर पाप हाय." पंजाबराव सुपारी कातरत म्हणायचे, "ज्यानं चोच देली, तो चाराबी देते." गोजरबाईची पाच लेकरं तेव्हा अंगणात आमच्या उष्ट्याची वाट बघत बसलेली असायची.

अशाच एका बैठकीत ती पुढे आली. भोळी बाई, चारचौघांत बोलून गेली.

"मालक, वहिनीले ज्या डाक्टरकडं नेलं, तिथं मलेबी धाडा. सहाव्याले काय घालू?"

पंजाबराव ताडकन उठले. "कोनं नेलं वं? तिच्या पोटात गाठ होती!"

"मंग मलेबी गाठच झाली म्हना, मालक."

कुणी हसलं नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण दमणी जुंपली गेली नाही. गोजरबाई खाली मान घालून शेजारच्या वाडीतल्या सुईणीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी कडूबा धावत आला. त्याने मालकाला न विचारता मला उचललं, उलटं केलं, पाय वर, आणि गोजरबाईला आत ठेवलं. चौघांच्या खांद्यावर मी चिखलीच्या दवाखान्याच्या वाटेला लागले. तापाने ती फणफणली होती. "धाकटीले उन्हात नोका ठेवू," एवढंच बोलली. अर्ध्या वाटेत गेली. चौघांनी मला तसंच माघारी फिरवलं.

"ते बाज बाटली आता," पंजाबराव म्हणाले. "ठेव तुलेच." हा त्यांचा दानधर्म.

ओसरीवर आता नवी बाज आहे. तिथे अजून कायद्यावर वाद चालतो, असं ऐकते. कडूबा गावभरच्या बाजा ताणून देतो, माझ्या ढिल्या दोरांना मात्र हात लावत नाही.

मंडळी, पाप-पुण्याचं ठरवायचंच असेल, तर एकदा इथे या आणि माझ्यावर बसून ठरवा. फक्त जरा सरकून बसा. मधे गोजरबाईची धाकटी निजलीय.