झाडाचं अंगडं

सोल शहरातल्या ज्या टेकडीवर माल-नामचं घर होतं, तिथे आता उंच इमारती उभ्या होत्या. घर गेलं, पण अंगणातलं अमरफळाचं झाड राहिलं. बांधकामवाल्यांनी त्याच्याभोवती हिरवळ केली, एक बाक ठेवला आणि शेजारच्या दगडावर ‘जुन्या वस्तीची आठवण’ असं कोरलं. मग सगळ्याला लोखंडी कुंपण घातलं. फाटकाला आकड्यांचं कुलूप आलं आणि ते आकडे फक्त इमारतीतल्यांना ठाऊक. आठवण आत राहिली आणि जिची आठवण, ती बाहेर.

माल-नाम समोरच्या गल्लीत, तळघरातल्या दोन खोल्यांत राहायची. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसत. भाजी आणायला ती मुद्दाम कुंपणाकडच्या लांबच्या वाटेने जायची. सोबत शेजारची दक-ही असायची.

झाडाखालच्या बाकावर एक पांढऱ्या टोपीवाली बाई बसलेली असे. तिचं नाव ह्ये-रान, हे दक-हीने शोधून काढलं होतं. शरदात नारिंगी फळांनी फांद्या वाकल्या, तेव्हा ह्ये-रानने लांब काठीने ती उतरवली, शेजारणींना वाटली, आणि पाखरांसाठी शेंड्यावर चार ठेवली. ती चार फळं माल-नामच्या डोळ्यांत खुपली. पाखरांना वाटा होता.

“बघ कशी बसलीय. जशी काही हिच्या सासूनेच लावलंय.”

“तुझ्या सासूने लावलं होतं का, ताई?”

“छे. मी लावलं. थोरली लेक झाली त्या वर्षी.”

“मग सासूला कशाला ओढतेस? मेल्यावर तरी सुट्टी दे बिचारीला.”

थंडी सुरू झाली. घर होतं तेव्हा माल-नाम दरवर्षी किमचीच्या लोणच्याचे रांजण भरून झाले की झाडाच्या बुंध्याला पेंढा गुंडाळायची. अमरफळाला सोलची थंडी सोसत नाही. या वर्षी ती कुंपणापाशी आली आणि थबकली. झाडाला लोकरीचं अंगडं घातलं होतं. लाल-पिवळं, विणलेलं, वर गोंडे. बुंधा चांगला गुबगुबीत दिसत होता.

“किती गोड गं,” दक-ही म्हणाली.

“गोड? लोकर भिजेल, गोठेल आणि झाड गारठून मरेल.”

“मग सांग की तिला.”

“मी का सांगू? शहाणी आहे ना ती.” चार पावलं गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मरू दे. माझं नाही, तर तिचंही नाही.”

दक-हीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

वसंत आला. चेरी फुलून गळून गेली, जिंकोची झाडं हिरवी झाली. अमरफळ मात्र काळं, कोरडं उभं. माल-नामला आधी बरं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिने भाताचा वाडगा तसाच सरकवला. आपण लेकराच्या वयाच्या झाडाचं मरण मागितलं, हे तिला सलू लागलं. ती उठली, कुंपणाशी गेली आणि गज धरून म्हणाली, “अहो टोपीवाल्या बाई! ते काढा त्याच्या अंगावरचं. मेलं असेल ते.”

ह्ये-रान आली. तिने फाटक उघडलं. “या आजी. आज काढणारच होते.”

दोघींनी मिळून गोंडे सोडले. लोकर खाली आली. आत पेंढा होता. दाट, कोरडा, मुळापासून वरपर्यंत दोरीने नीट आवळलेला.

“लोकर वरून, लोकांना बघायला,” ह्ये-रान म्हणाली. “आमच्या गावी अमरफळाच्याच बागा. झाडांना पेंढा बांधल्याशिवाय माझे वडील जेवायला बसत नसत.”

माल-नामने वर पाहिलं. फांदीच्या टोकाला जोंधळ्याएवढा हिरवा ठिपका होता. मग दुसरा दिसला. तिला सासूचं बोलणं आठवलं: अमरफळ सून म्हणून कामाचं नाही, सगळं घर उठल्यावर उठतं. त्याला पालवी सगळ्यांत उशिरा फुटते, हे इतकी वर्षं ठाऊक होतं, ते नेमकं यंदा ती विसरली होती.

तिला रडू आलं आणि रागही आला. बाई आळशी असती, अडाणी असती, तर बरं झालं असतं. तिला नावं ठेवायलाही जागा उरली नव्हती.

“हे कोणी लावलं असेल, ठाऊक आहे तुम्हाला?” ह्ये-रानने विचारलं.

“मी.”

ह्ये-रानने टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला. माल-नामने तो घेतला, पण हातातली पेंढ्याची दोरी सोडली नाही.

“गाठ ढिली आहे तुमची,” ती म्हणाली.

गाठ ढिली नव्हती. ह्ये-रानला ते कळलं होतं.

“मग पुढच्या थंडीत तुम्हीच बांधा, आजी. फाटकाचे आकडे सांगते.”

“सांगा. आणि त्या दिवशी तुम्ही पेंढ्याला हात लावायचा नाही,” माल-नाम म्हणाली. “तुम्ही फक्त दोरीचं टोक धरायचं.”