खिशातला शाळिग्राम

दोन तुकडे. एक ताम्हणातल्या पाण्यात, एक लादीवर... आणि लादीवरच्या तुकड्यात ती वेटोळी, आत आत वळत गेलेली, पेरापेराशी आडवी रेघ असलेली. विनायकच्या छातीत आधी धस्स झालं आणि पाठोपाठ आनंद झाला. होय, आनंदच, खोटं कशाला बोला! पंचवीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवताना खडूने फळ्यावर काढत आलो ती आकृती आज घरच्या देव्हाऱ्यातून निघाली होती. अमोनाईट. पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा जीव, त्याच्यावर गाळ बसला, गाळाचा दगड झाला, समुद्राच्या जागी हिमालय उभा राहिला, गंडकीने तो दगड घासून गोल केला आणि पणजोबा पायी काशीला गेले तेव्हा कुणा बैराग्याकडून घेऊन कमरेला बांधून उरणला आले.

एवढं सगळं झेललेला दगड, आणि फुटला कशाने, तर माझ्या टूथब्रशने. वडिलांच्या, आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन काल झालं, आठ दिवस डोक्यावरून आंघोळ नाही, वाकायचं नाही, म्हणून पूजा विनायककडे आली. जन्मात पहिल्यांदा. बसला मुकाट्याने, पण शाळिग्रामावर साठलेला गंधाचा जाड थर बघितला आणि प्रयोगशाळेतली सवय कुठली गप्प बसायला? नमुना साफ करतात तसा त्याने जुन्या ब्रशने देव घासायला घेतला. निसटला, ताम्हणाच्या काठावर आपटला. तेव्हा... पण ते नको आत्ता.

आतल्या खोलीतून आबांनी विचारलं, झाली का रे पूजा? झाली, तो म्हणाला. तुकडे पुसले, रुमालात गुंडाळले, पँटच्या खिशात घातले.

चौदा वर्षांचा असताना त्याने हेच आबांना सांगितलं होतं. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं. मिठागरावरून आबा नुकतेच आले होते, पायांना मीठ चिकटलेलं, डोळे लालबुंद, आणि हा उत्साहाने म्हणाला होता, आबा, आपला देव म्हणजे माकळीचा चुलत भाऊ आहे! बाजारात मासळीच्या टोपलीतून विकतात ती माकूळ, म्हणजे स्क्विड. आबांनी फाडकन कानाखाली दिली. त्यानंतर आजतागायत त्या विषयावर दोघांत अवाक्षर नाही, आणि विनायकने मात्र मनातल्या मनात तो वाद हजारदा जिंकलेला आहे.

आता पुरावा खिशात होता. संध्याकाळी पाचला पट्टी निघणार. आबांचा उजवा डोळा काचबिंदूने कधीच गेलेला. उरलेला हा एक, मिठाच्या झळाळीने वाळून गेलेला, दोन वर्षं त्याच्यापुढे नुसतं धुकं. पट्टी निघाली की आधी शाळिग्राम बघीन, असं काल ऑपरेशनला आत जातानाच त्यांनी बजावलं होतं. दाखवायचा? चिकटवून ठेवायचा? ऐंशीच्या माणसाला नुकत्याच आलेल्या नजरेने पहिल्या झटक्यात हे बघायला लावायचं... आणि का नाही? मला मार पडला होता.

स्टाफरूममध्ये मितेशने नेहमीचं काढलं. मितेश भौतिकशास्त्र शिकवतो, एकादशी करतो, स्वभावाने गोड. पण उत्क्रांती म्हटलं की चेकाळतो. जीवाश्म म्हणजे इकडून तिकडून गोळा केलेले तुकडे, म्हणे, मधल्या कड्या गाळलेल्या, आणि त्या जागा तुम्ही विश्वासाने भरता, मग आम्ही विश्वास ठेवला तर अंधश्रद्धा का? एरवी विनायकने त्याला पाच मिनिटांत गार केलं असतं. व्हेलच्या अंगात मागच्या पायांची हाडं आहेत, थरांची वयं मोजता येतात, सगळं तोंडपाठ. आज तोंड उघडेना. मितेशला बरंच वाटलं.

"सर, तुम्ही कधी कशावर विश्वास ठेवलाच नाही?"

"नाही."

खिशात हात गेला. रुमालातून कड टोचली. नाही म्हणालो, फार पटकन म्हणालो, कारण सकाळी दगड फुटल्याबरोबर, वेटोळी दिसायच्याही आधी, माझा उजवा हात आपोआप कानाच्या पाळीला गेला होता आणि मी स्पष्ट, मोठ्याने म्हणालो होतो, चुकलं. खोलीत कुणी नव्हतं. मग कुणाला म्हणालो? लहानपणची सवय, संस्कार, मेंदूतली जुनी वाट... स्पष्टीकरणं काय, डझनभर आहेत, आणि ती बरोबरच आहेत.

पाचला डॉक्टरांनी पट्टी काढली, काळा चष्मा दिला. आबा भिंतीवरची तारीख वाचून लहान मुलासारखे हसले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, चल लवकर, देवापुढं बसू दे मला. एसटी स्टँडपाशी रिक्षा अडकली. घर जेमतेम दहा मिनिटांवर. विनायकला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही, आणि त्याने रुमाल काढून आबांच्या मांडीवर उलगडला.

"माझ्या हातून फुटला."

आबांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. एक तुकडा डोळ्याजवळ नेला, वेटोळीवरून अंगठा फिरवला, बाहेरून आत, पुन्हा बाहेरून आत. विनायकची कानशिलं तापली. पाठ केलेली सगळी वाक्यं तयार होती.

"चक्र हाय," आबा म्हणाले. "आजा सांगायचा, आत चक्र हाय. पण ते बघायला देव फोडायचा कोणी?"

आबांनी तुकडा उलटून पाहिला.

"तू माकूळ बोलला होतास."

"हो."

"मी मारला होता तुला." आबा पुन्हा त्या रेघांकडे बघत राहिले. "माकूळ पण असंल. आमी काय आत बघितलेलं नाय."

एवढंच? इतकी वर्षं पोसलेलं भांडण, आणि या म्हाताऱ्याने ते असं, स्टँडपाशी, दोन वाक्यांत सोडून द्यावं? विनायकला रागच आला. निदान हुज्जत तरी घालायची होती.

आबांनी दोन्ही तुकडे जुळवून मुठीत धरले, ओल्या डोळ्यावर चष्मा ओढला आणि सहज विचारलं, "पडला तवा काय केलास?"

"काही नाही."

आबांनी मान हलवली. पटलं की नाही, चष्म्याआड कळेना. रिक्षा सुटली. आबांना खरं सांगणं इतकं सोपं होतं, सकाळी फक्त एक शब्द म्हणालो होतो... तो जिभेवर आला आणि विनायकने दात घट्ट मिटले. अजून सात सकाळी पूजा त्यालाच करायची होती, दार लोटून, एकट्याने. आणि आपल्या तोंडून काय निघेल याचा त्याला आता काही भरवसा वाटत नव्हता.