गोगलगायीला ऐकू येतं का?

समजा, तुमच्या आत्याने शोधून काढलं की गोगलगायीला ऐकू येतं! बिट्टीच्या आत्याचा तसा लेख शास्त्रज्ञांच्या एका शोधपत्रिकेत छापून आला होता. मैत्रीण "थापा!" म्हणाली, तेव्हा बिट्टीने भर वर्गात तिलाच खोटारडी म्हटलं आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

आज त्याच शोधपत्रिकेने त्या लेखावर लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं छापलं.

आत्या म्हणाली, "प्रयोगात आवाज लावला की स्पीकरने टेबल हादरत होतं गं. गोगलगायीला तो हादराच कळला असेल. मीच पत्रिकेला कळवलं."

"म्हणजे ऐकू येत नाही?"

"तेही ठाऊक नाही."

बिट्टीचं डोकंच चालेना. "मग लेख पुसून का नाही टाकला?"

"अगं शहाणे, मग आधी वाचलेल्यांना कळणार कसं?"

दुसऱ्या दिवशी बिट्टी भर वर्गात उभी राहिली. "गोगलगायीचं मला माहीत नाही. पण हिला खोटारडी म्हणाले, ते मागे घेते."