शालूबाईचं सूप आणि तीन नावांची फडफड

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. जुनं म्हटलं म्हणून लगेच अडगळ समजू नका. कामशेतच्या बाजारातल्या बुरडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं आणि जवळच्याच कान्हे गावच्या शालूबाईने भिजवलेली मेथी वाटून, त्यात कागदाचा लगदा कालवून मला लिंपलं. कागद तिच्या धाकट्या दिराच्या जुन्या अंकलिपीचा. माझं शिक्षण तेवढंच. तरी समोरच्याच्या पोटात दाणा किती नि फोल किती, हे मला बरोबर कळतं.

कैक वर्षं मी या घरचा तांदूळ पाखडला. मग गिरणीतून तांदूळ निवडूनच यायला लागला आणि मी खुंटीला लागले. पण एक मान कुणी काढून घेतला नाही. या घरचं बाळ बारशाला आधी माझ्यात, मूठभर तांदळावर निजतं, मगच पाळण्यात जातं. शालूबाईचा मुलगा बजरंग निजला, त्याचा अमृत निजला. आता अमृतच्या बायकोला, स्नेहलला, मुलगी झाली होती. बारसं सव्वा महिन्याने ठरलं होतं; मी दिवस मोजत होते.

तेवढ्यात ती आली. एलेनी. ग्रीस नावाच्या देशातली. पॅराग्लायडिंगची छत्री बांधून डोंगरावरून उडायला आलेली आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने उतरलेली. छत्र्यांचं एक इंग्रजी पुस्तक ती आपल्या भाषेत करत होती. मांडीवर जाडजूड शब्दकोश घेऊन ओसरीवर बसायची. तिचं गाडं एकाच इंग्रजी शब्दापाशी अडलेलं, 'फ्लटर'.

"पाखराने पंख हलवले की फ्तेरुगीझो," ती स्नेहलला इंग्रजीतून सांगायची आणि स्नेहल शालूबाईला मराठीतून. "कापड वाऱ्यावर हललं की अनेमीझो. काळीज नाहीतर पापणी हलली की पेतारीझो. इंग्रजीत सगळ्याला एकच. कुठं कुठला घालू?"

"एका फडफडीला तीन नावं?" शालूबाई म्हणाली. "तीन नावं सांगनाऱ्याचं खरं गाव कुटलं, ते आदी इचार."

मला पटलं. कारण बोलता बोलता त्या बाईची नजर माझ्यावर असायची. एकदा तिने मला खाली काढून स्नेहलकडून तांदूळ पाखडून घेतला. कोंडा भुरुभुरु उडाला तशी टाळ्या वाजवल्या. मागून, पुढून माझे फोटो काढले. वितीने मापसुद्धा घेतलं! सुपाचं माप चांगल्या मनाचं माणूस कशाला घेईल?

संशय काही उगाच येत नाही. गेल्या साली लोणावळ्याच्या एका हॉटेलवाल्याने असंच गोड बोलून आमचं जातं नेलं. आता म्हणे त्यावर काच ठेवून लोक कॉफी पितात.

"सुपावर डोळा हाय तिचा," असं म्हणून शालूबाईने बारशाच्या आठ दिवस आधी मला पोटमाळ्यावर, गोण्यांच्या मागे दडवलं. "बस हितं. कुनाला दिसू नगंस."

मला केवढं बरं वाटलं! शहाणी बाई, मनात म्हटलं.

तिसऱ्या दिवशी उंदीर आले. मेथीचा लेप त्यांना पेढ्यासारखा. खुंटीवर असताना एका उंदराचा दात मला कधी लागला नव्हता.

बारशाला बाया ओसरीवर जमल्या आणि शालूबाईने मला बाहेर काढलं. कोपऱ्याला मूठ जाईल एवढं भगदाड. ती त्यात बोट घालून ओरडली,

"त्या उडनारीनंच केलं आसंल!"

"आजी, ती माळ्यावर चढलीच नाही," स्नेहल हळूच म्हणाली. "तुम्हीच ठेवलं होतं ना?"

शालूबाईने माझ्यातल्या उंदरांच्या लेंड्या पदराने झटकल्या.

"फाटक्या सुपात लेकरू न्हाई निजवत," शेजारची बयाबाई म्हणाली. "घाला तसंच पाळण्यात. दुसरं सूप आना पुढच्या टायमाला."

म्हणजे माझा मान गेला, मित्रांनो.

एवढ्यात एलेनीने मला उचललं आणि सरळ वर चालती झाली. नेलं! मला वाटलं, आता माझ्यावरही कॉफी पिणार. पण ती परत आली, ती छत्री शिवायची वाकडी सुई आणि मेण लावलेला लाल दोरा घेऊन. उंबऱ्यात बसून कामटीला कामटी बांधत गेली. शालूबाई तिच्या डोक्याशी उभी.

"घट्ट वढ. आन् कामटी मोडलीस तर बग!"

एलेनी मान खाली घालून बोलत राहिली, स्नेहल सांगत राहिली. "आजी, तिच्या आजीच्या गावात धान्य उफणायची टोपली असायची. तान्ही बाळं तिच्यातच निजवायचे. ती टोपली मोडली. तशी नवी विणून घेता यावी म्हणून आपल्या सुपाचे फोटो आणि माप तिने आजीला पाठवलं."

शालूबाई तिच्या शेजारी उंबऱ्यात टेकली. "मंग आदी बोलायचं की गं भवाने! जीब काय उंदरानं नेलती?"

मग बाळ माझ्यात निजलं. लाल दोऱ्याच्या बाजूला पाय, तांदळावर पाठ. पापण्या जरा थरथरल्या. एलेनी पुटपुटली, "पेतारीझो," आणि वहीत लिहून घेतलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू दडवू नका. दडवलेली वस्तू चोराच्या आधी उंदराला सापडते. आम्हाला डोळ्यांसमोर टांगा, अधूनमधून हातात घ्या.

एलेनी गेली त्या दिवशी शालूबाईने तिची पिशवी उघडून आतपर्यंत पाहिली. काही निघालं नाही. मग मला खुंटीवरून काढलं, शेरभर तांदूळ पाखडला आणि त्याच पिशवीत ओतला.

"तुज्या आजीला सांग," ती म्हणाली, "सुपातला हाय."