रुखवतातली बैलगाडी कॅन्ससला निघाली

मी रुखवतातली बैलगाडी. बांगड्यांची चाकं, आईस्क्रीमच्या काड्यांचं अंग आणि नवरीच्या माधवीमावशींच्या जुन्या परकराचं छत. आत सुपारीचे नवरा-नवरी, दोघांच्या कपाळाला मोत्यांच्या मुंडावळ्या. पुढे कापसाचे दोन बैल. त्यातला एक नागपूरच्या कार्यालयात सगळ्यांना शेळी वाटला. मावशी शेवटपर्यंत सांगत होत्या, "बैलच आहे तो. जरा अशक्त आहे."

रुखवत नवरीकडच्यांनी मांडायचं आणि नवऱ्याकडच्यांनी "वा, काय नाजूक काम!" म्हणत पंगतीकडे सरकायचं. अक्षता पडल्या की आमचा जन्म संपला. माझ्या शेजारची साखरेची तुळस तर मुंग्यांनी पाठवणीच्या आधीच सासरी नेली. मी मात्र नवरीच्या, रुचाच्या मांडीवर बसून टोरांटोला आले.

विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"आर दीज नट्स?"

पुष्करला, म्हणजे रुचाच्या नवऱ्याला, घाम फुटला. "येस, बट नॉट फॉर ईटिंग. दे आर हसबंड अँड वाइफ."

अधिकारी त्या दोन सुपाऱ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स," आणि आम्हाला सोडलं.

टोरांटोजवळच्या रिचमंड हिलच्या घरात मला टीव्हीखाली, राउटरशेजारी जागा मिळाली. तिथून माणसं छान दिसतात. पुष्कर बोलत असतो आणि रुचा ऐकत असते. ती नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. "वर्गात मी बोलते," असं ती म्हणते. इथे ते कोणी पाहिलेलं नव्हतं. कुठेही अप्लाय केलं की गोड भाषेत नकार यायचा. शेवटी एका खाजगी शाळेने बोलावलं. अकरावीच्या वर्गाला एक तास शिकवून दाखवायचा. विषय होता, अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार आणि गुलामगिरीवरचे वाद यादवी युद्धापर्यंत कसे गेले. जमलं तर सप्टेंबरपासून नोकरी. नाही जमलं तर पुन्हा घरात बसून ऐकायचं.

तिने सराव जेवणाच्या टेबलावर केला. विद्यार्थिनी एकच, पुण्याहून आलेल्या सासूबाई, शीलाताई. टेबलावर चादर पसरली, ती अमेरिका. मग रुचाने मला उचललं, धूळ फुंकली आणि चादरीवर ठेवलं.

"आई, ही वस्तीला निघालेल्या लोकांची छताची गाडी. अशा गाड्या पश्चिमेला जायच्या."

मला काय वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस मी शोभेची, आणि आता थेट इतिहासात!

"देश पश्चिमेला वाढत होता," रुचा सांगू लागली. "दर नव्या राज्याला एकच प्रश्न. तिथे गुलाम ठेवता येणार की नाही? उत्तर म्हणायची नकोत, दक्षिण म्हणायची हवेत. दोन्हीकडची राज्यं संख्येने सारखी होती, कोणाचं पारडं जड होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून १८२० साली मिसूरी हे राज्य दक्षिणेच्या बाजूने घेतलं आणि मेन हे उत्तरेच्या."

शीलाताईंचा चेहरा उजळला. "अगं, हे तर मानपान! त्यांच्या आत्याला साडी दिली की आपल्या मामीलाही द्यायची. मिटलं की मग! कशाला पुढे युद्ध करत बसले?"

"दर वेळी नवी आत्या निघत होती, आई."

"निघतातच मेल्या. तुमच्या लग्नात चार निघाल्या."

"पण आई, इथे साड्या नव्हत्या वाटायच्या. माणसं होती."

शीलाताईंनी चादरीची सुरकुती सरळ केली. मग त्या हळूच म्हणाल्या, "चल बाई, मी चहा टाकते."

तासाच्या दिवशी रुचा अंघोळीला गेलेली पाहून शीलाताईंनी मला ताब्यात घेतलं. चांगल्या कामाला गाडी अशीच कशी न्यायची? चाकांना हळदकुंकू लागलं. मागे लिंबू-मिरची लटकली. वर त्यांनी मलाच बजावलं, "दृष्ट लागायला नको. गोरे लोक टक लावून बघतात." मी पिशवीत गेले ती अशी नटूनथटून.

वर्गात रुचाने आधी लॅपटॉप उघडला. स्लाइड्स सुरेख होत्या. तिचा आवाज मात्र पहिल्या बाकाच्या पुढे जाईना. मागे मुख्याध्यापिका लेस्ली हाताची घडी घालून बसल्या होत्या. एका मुलाने जांभई दिली, दुसऱ्याने ती उचलली. पिशवीतून मला रुचाचा फक्त अंगठा दिसत होता. तो लॅपटॉपवर उगाच वरखाली होत होता. गेलं, म्हटलं. आता पुन्हा टीव्हीखाली दोघी.

आणि अचानक तिने लॅपटॉप मिटला, मला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.

लिंबू-मिरची तिने तेव्हाच पाहिली. तिचे कान लाल झाले. वर्गात हशा फुटलाच.

"मिस, व्हाय इज देअर अ गोट?"

"बैल आहे तो," रुचा इंग्रजीत ठणकावून म्हणाली. "अशक्त आहे." आणि हा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"वेट, इज दॅट रुखवत?" मधल्या बाकावरची इलाना उभी राहिली. तिची आजी अलिबागची, मराठी बोलणारी ज्यू. "माझ्या आजीकडे पण आहे! शी वोन्ट लेट अस टच इट."

"मग तूच सांग सगळ्यांना, लग्नात दोन बाजू कशावरून भांडतात?"

"एव्हरीथिंग!"

झालं. रुचाने वर्गाचे दोन भाग केले, उत्तर आणि दक्षिण. मला ती एकेक वीत पश्चिमेला सरकवायची आणि विचारायची, "नवी जमीन आली. मान कोणाचा?" मिसूरीला जरा कुरबूर झाली. मेक्सिकोकडून एवढा मोठा मुलूख जिंकला तेव्हा आरडाओरडा. १८५४ साली कॅन्सस आलं. "इथे राहणाऱ्यांनीच ठरवायचं," असा कायदा रुचाने सांगितला मात्र, दोन्हीकडची पोरं आपापली माणसं भरायला टेबलावर तुटून पडली. माझं डावं चाक निखळलं. सुपारीचा नवरा फळ्याखाली जाऊन पडला.

"कॅन्ससला रक्त सांडलं ते असं," रुचा म्हणाली. "मग एकेक तडजोड मोडत गेली. १८६० मध्ये नव्या मुलखात गुलामगिरी नको म्हणणारा अध्यक्ष निवडून आला. दक्षिणेची राज्यं एकेक करून मांडवातून उठून गेली. पुढच्या वर्षी तोफा."

पोरं धापा टाकत होती. इलानाने नवरा उचलून माझ्यात ठेवला आणि विचारलं, "मिस, ज्यांच्यावरून भांडत होते, त्यांना कोणी विचारलं?"

"नाही."

ओरडून लाल झालेली तोंडं हळूहळू उतरली.

"बैठकीत त्यांना जागा नव्हती," ती म्हणाली. "पण त्यांनी वाट पाहिली नाही. रात्रीबेरात्री पळाले. १८५० च्या कायद्याने उत्तरेतूनही त्यांना धरून परत नेणं सोपं झालं, तेव्हा कितीतरी जण आणखी वर आले. इथे, सरहद्दीच्या या बाजूला, ऑन्टारिओत. इथेही कोणी पायघड्या घातल्या नव्हत्या. पण इथे त्यांना विकता येत नव्हतं. त्यांतले काही पुढे युद्धात लढायला परत गेले. आणि इथे आले ते गाडीतून नाही. बरेचसे पायी आले होते."

मी छताखाली लाजले. इतका वेळ मला वाटत होतं, गोष्ट माझी आहे.

घंटा झाली तरी मुलं रेंगाळली. लेस्ली पुढे आल्या. "चाक निघालं तेव्हा मीही ओरडले. कोणत्या बाजूने ते विचारू नका," त्या म्हणाल्या. "सप्टेंबरला या. आणि ही गाडी शाळेतच राहू दे."

पुष्करला फोनवर हे सांगायला रुचाला तब्बल वीस मिनिटं लागली. तो ऐकत होता.

आता मी त्याच वर्गात, हीटरच्या वरच्या खिडकीत असते. चाकाला मुलांनी हॉकीची टेप गुंडाळली आहे. लिंबू केव्हाच वाळलं, ते टाकायला कोणी धजत नाही. तास असला की मला खाली घेतात आणि पुन्हा कॅन्ससला ढकलतात.

तुम्हीही कधी या ढकलायला. हवं तेवढं ओरडा, मला आवडतं. फक्त माझ्या कडेने थोडी वाट मोकळी ठेवा. तिथून माणसं चालत येताहेत.