काजवालीचं कार्ड

त्या शिवणकारखान्यात माणसं बदलत, हाका बदलत नसत. कॉलरच्या मशीनवर बसेल ती कॉलरवाली, बटणं लावील ती बटणवाली, बटणांची काजं करील ती काजवाली. जुनी गेली, नवी आली, की स्टुलासोबत हाकही तिच्या वाट्याला यायची. कटिंग मास्तरांना ते सोयीचं होतं. मास्तरांना कापड विचारा, माणसं विचारू नका, असं इस्त्रीवाला चिडवायचा आणि मास्तर मिशीत हसायचे.

काजवाली सहा वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसली. मास्तरांना चष्मा सापडेना की न सांगता उठून तीच शोधून द्यायची. शनिवारी संध्याकाळी ती मशीनवरच कोसळली.

मास्तरांनी तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या कारकुनाने नाव विचारलं. सहा वर्षांत मास्तरांनी ते कधी विचारलंच नव्हतं. नाव कळलं तरच तिच्या माणसांना निरोप जाणार, तरच कुणीतरी तिच्या उशाशी येऊन बसणार. त्यांनी इस्त्रीवाल्याला फोन लावला. त्याने काजाच्या मशीनच्या खणातलं हजेरीचं कार्ड काढून त्यावरचं नाव वाचलं, मास्तरांनी लिहून दिलं. ते कार्ड आधीच्या काजवालीचं होतं, हे ना वाचणाऱ्याच्या ध्यानात आलं, ना लिहिणाऱ्याच्या. आता येतील तिची माणसं, असं म्हणत मास्तर घरी गेले.

रविवारी कारखाना बंद. सोमवारी कुलूप काढायला गेले, तर दाराशी एक बाई उभी. डोळे सुजलेले, पायांवर धूळ.

"मास्तर, काजाच्या मशीनवरची माझी ताई कुठंय?"

शनिवारी रात्री ताई घरी आली नाही म्हणून ती कारखान्याच्या बंद दारावरून माघारी फिरली होती, रात्रभर दवाखाने पालथे घालत होती. मोठ्या दवाखान्यातल्या बाकावर तर कालचा अख्खा दिवस बसली होती. तीनदा खिडकीवर गेली. तिन्ही वेळा कारकुनाने यादीवरून बोट फिरवलं आणि या नावाची कुणी नाही म्हणून सांगितलं.

मास्तरांना खणातलं ते पिवळं पडलेलं कार्ड आठवलं. कुलूप तसंच ठेवून ते तिला घेऊन दवाखान्याकडे निघाले.

दोघं पोचले तेव्हा खाट रिकामी होती. नर्सने त्यांना तळमजल्यावरच्या गार खोलीत नेलं.

"काल दुपारी गेल्या," ती हळू आवाजात म्हणाली. "मधूनमधून शुद्धीवर यायच्या हो. कागदावरच्या नावाने किती हाका मारल्या आम्ही. ओ द्यायच्या नाहीत. नुसत्या दाराकडे बघत राहायच्या."

काल दुपारी बहीण त्याच इमारतीत, एक जिना खाली बसलेली होती.

तिने चादर बाजूला केली. केसांवरून हात फिरवला, कानाशी वाकली आणि आईबापांनी ठेवलेल्या नावाने ताईला हाक मारली. एकदा, दोनदा. मग मागे न बघताच म्हणाली,

"तुम्हीही मारा एकदा. सहा वर्षं होती तुमच्याजवळ."

मास्तर पुढे झाले. नाव आत्ताच तर ऐकलं होतं, ओठांपर्यंत आलंही होतं. पण घशातून फुटली ती जुनीच हाक.

"काजवाली..."