आण म्हटलं की येतं

ताईने बनवलेल्या भाषेत शब्द इतके मोजके होते, की धाकटा भाऊ म्हणायचा, "ही भाषा कसली, हा तर ताईचा स्वभाव." भाषेचं नाव कातर. लाकूड, चामडं, पत्रा कापणाऱ्या यंत्रांना हुकूम सोडायला ती वापरायची. कुणी नवा शब्द सुचवला की ताई आधी विचारायची, "याच्यावाचून कुणाचं काय अडलंय?" आणि अडलेला माणूस समोर उभा असला, तरी तिला तो दिसायचा नाही.

सध्या अडलेला माणूस म्हणजे धाकटाच. त्याचं म्हणणं, कातरसोबत पॅकेज मॅनेजर हवाच. लोकांनी बिजागऱ्या, दातेरी चाकं, खणांचे सांधे असले तयार नमुने, म्हणजे पॅकेजं, लिहून ठेवले होते. ते मागवायचे, जागेवर लावायचे, जुने झाले की बदलायचे, एवढं करणारा एक हक्काचा गडी भाषेबरोबरच मिळावा. तो मिळत नव्हता म्हणून बाहेरच्यांनी आपापले तीन लिहिले होते, आणि त्या तिघांचं एकमेकांशी घरमालक-भाडेकरूइतकंच पटायचं. भाषेची पुस्तिका भावोजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, लिहिली होती. तिच्यात भाषा थोडी आणि 'पॅकेज कसे बसवावे' हेच फार.

"भाषेने बोलायला शिकवावं," ताई म्हणायची. "घरात सामान आणून टाकणं तिचं काम नाही. उद्या कुणाचं पॅकेज बिघडलेलं निघालं, तर लोक कुणाच्या नावाने ओरडणार? माझ्या."

"आत्ता काय तुझी आरती ओवाळतात? आत्ताही तुझ्याच नावाने ओरडतात."

"ओरडू देत. पण आत्ता मला 'माझा काय संबंध' असं म्हणता येतं!"

 धाकट्याकडे मात्र एक गुपित होतं.

मागे ताईचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा नवा त्यानेच लावून दिला होता, आणि लावता लावता स्वतः लिहिलेला पॅकेज मॅनेजर हळूच आत सरकवला होता. बेत असा, की ताई वापरेल, खूश होईल, मग आपण सांगू. ताईने वापरला. खूशही झाली. 'आण बिजागरी' लिहिलं की बिजागरी हजर! पण चांगली सोय दिसली की ती आपणच कधीतरी करून ठेवली असणार, अशी ताईची अगदी प्रामाणिक समजूत. 'आण' हा कातरमधलाच आपला एखादा जुना शब्द, असं ती धरून चालली. सांगायचा मुहूर्त पुढे पुढे जात राहिला, आणि धाकटा थोडा हसत, थोडा धसका घेत तिच्यासमोर बसत राहिला.

मग सुतारकाम शिकवणाऱ्या एका संस्थेतल्या बाई कातर बघायला आल्या. त्यांना पसंत पडली, तर ताईची भाषा पहिल्यांदाच एका वर्गात शिकवली जाणार होती. आजवर ती ओळखीपाळखीच्या लोकांतच फिरलेली. ताईने नवी साडी नेसली होती, आणि 'छे, मुद्दाम नाही' असं न विचारता दोनदा सांगितलं होतं.

बाईंनी पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. "याच्यावर दाखवा. तुमच्या मशीनवर काय, सगळं चालतंच."

"अवश्य!" ताई म्हणाली. "बघा, छोटी पेटी बनवू. आधी बिजागरी आणू."

बाईंच्या लॅपटॉपवर नुसती कातर चालणार, 'आण' नाही, हे फक्त धाकट्याला ठाऊक होतं. गप्प बसलं, तर ताई आपल्याच बोटांनी वाद हरणार होती. इतक्या स्वस्तात जिंकायची संधी पुन्हा येणार नव्हती. पण ताई हरणार होती ती बाईंसमोर, नव्या साडीत. हिशेब काही जमेना.

"ताई, जरा बाहेर ये."

"आत्ता?"

"आत्ताच."

बाहेर जिन्यापाशी त्याने एका दमात सांगून टाकलं.

"काहीतरीच," ताई म्हणाली. "'आण' मी घातलाय. खणांचं काम चाललं होतं तेव्हा."

"कुठे घातलास ते दाखव."

ताई आठवू लागली. कातरचा शब्द न् शब्द तिला पाठ होता, आणि आता मनातल्या मनात सगळे चाळूनही 'आण' सापडत नव्हता.

"म्हणजे तू रोज माझ्याशी भांडत होतास, आणि मी..."

"भांडता भांडता मध्येच 'आण खणसांधा' लिहायचीस. तेव्हा चेहरा सरळ ठेवणं फार जड जायचं गं."

"तुला मी नंतर बघते."

"बघ. पण आधी पेनड्राइव्ह घे. बाईंना चहात गुंतवू, तोवर मी त्यांच्या मशीनवर बसवतो. कळणारही नाही."

"पुन्हा गुपचूप?" ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, की पेनड्राइव्ह खिशात परत गेला. ती ताडताड आत निघाली. धाकट्याला वाटलं, आता बाईंना नमस्कार आणि आपल्याला रजा.

आत भावोजी बाईंना पुस्तिका समजावत होते. बाई 'पॅकेज कसे बसवावे'च्या जंगलात शिरल्या होत्या आणि परतीची वाट शोधत होत्या.

"बाई, ठेवा ते पुस्तक," ताई म्हणाली. "भाषेत पॅकेज मॅनेजर नको म्हणून मी अख्ख्या जगाशी भांडते, आणि स्वतः एक वापरते. वर तो मीच लिहिलाय असं समजत होते. तो या दिवट्याने लिहिलाय."

भावोजींना ठसका लागला. बाई आधी तोंडावर हात धरून हसल्या, मग हात काढून.

"मग आमच्या वर्गाला काय देणार?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"हाच. कातरबरोबर, आजपासून. पण तक्रार आली तर ती याच्याकडे. अहो, पुस्तिकेत याचा नंबर घाला. मोठ्या अक्षरात."

"ताई, नंबर?"

"मोठ्या अक्षरात," भावोजींनी आनंदाने लिहून घेतलं. इतकी पानं एकदम गळण्याचं सुख त्यांना कधी मिळालं नव्हतं.

धाकट्याने सर्वांसमक्ष, राजरोस, बाईंच्या लॅपटॉपवर आपलं पिल्लू बसवलं. बाईंनी स्वतःच्या हाताने 'आण बिजागरी' लिहिलं. आली. त्यांनी मान डोलावली.

"छान. बरं, समजा पेटीला जुनी बिजागरी लागते, आणि तिच्या झाकणाच्या पॅकेजला नवीच लागते. मग कुठली येणार?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. कातरबद्दलचा प्रश्न, आणि उत्तर तिने द्यायचं नाही, असं आजवर घडलं नव्हतं. तिने खुर्ची ओढली, ऐसपैस बसली आणि चहाचा कप उचलला.

"सांग ना बाळा," ती म्हणाली. "बाई विचारताहेत."